डाव्या पायाचा ब्रेक

भिसेगाव, कर्जत
१० नोव्हेंबर २०२४

दादा, जयभीम.

मी दर रविवारी फोन करते, जनावहिनी उचलते आणि म्हणते, "हायत ना, हितंच बसल्यात. पन हात हलवून नाय म्हनतात." म्हणजे तुझ्या चांगल्या हाताला माझ्यासाठी एवढंच काम उरलंय. मोबाईलवर लिहून पाठवावं तर वहिनी ते अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं वाचते. म्हणून पत्र. पत्र तुला डाव्या हाताने फोडता येतं आणि मनातल्या मनात वाचता येतं. उत्तर देऊ नकोस, उगाच तुझी सवय मोडेल.

शिळफाट्याच्या रूपेश मेकॅनिकने तुला बातमी पुरवली म्हणे, की तुझी बहीण निवृत्त झाल्यावर मोटरसायकल घेऊन हिंडते. बातमी खरी आहे. मे महिन्यात उपकेंद्राच्या किल्ल्या नव्या नर्सच्या हातात दिल्या, चार-पाच महिने घरात बसून भिंती बघितल्या आणि विजयादशमीला कडावच्या एका मास्तरांची वापरलेली गाडी घेतली. तुझ्यासारखी बुलेट नाही, साधी हलकी गाडी. ती रूपेशला दाखवायला नेली हे माझं चुकलं. त्याला बजावलं होतं, खालापुरात बोलू नकोस. "नाय ताई, आपुन कशाला बोलतोय," असं तो म्हणाला, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आणि त्यावर तू वहिनीच्या तोंडून निरोप पाठवलास. "माजी चावी काढून घेतलीस आनि आता सवता फिरतेस. शाबास." तीन वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला निरोप.

तर ऐक. तुझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा चार महिने झाले नव्हते. वहिनी बाजारात गेली, तशी तू बुलेट पडवीतून बाहेर काढवलीस. उजवी मूठ धरवत नव्हती, तर हात टॉवेलने हँडलला बांधून घेतलास. उजव्या पायाने गिअर बदलता येत नव्हता, तर दुसऱ्यातच टाकून ठेवलीस. किक मारता येत नव्हती, तर शेजाऱ्यांकडून धक्का मारून घेतलास. आणि निघालास, कुठे, तर शिळफाट्याला, बीडी आणायला. कोबीच्या ढिगात पडलास म्हणून आज मी तुला पत्र लिहिते आहे. टॉवेलची गाठ सुटेना, रूपेशने ती कापली. हे तुझी बहीण सांगत नाही, नर्स सांगते आहे: तो ढीग कोबीचा नसता आणि मागून ट्रक असता, तर वहिनीला तुझा हातसुद्धा गाडीपासून वेगळा करून मिळाला नसता.

मी त्याच संध्याकाळी आले आणि चावी घेऊन गेले. तेव्हापासून तू बोलत नाहीस. माझ्याशी बोलत नाहीस हे मी समजू शकते, पण वहिनीशी दोन-चार तुटके शब्द सोडले तर तू कुणाशीच बोलत नाहीस. जीभ जड झाली, शब्द वाकडे येतात, लोक "काय? काय?" करतात, म्हणून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीस. वीज खात्यातला तुझा आवाज खांबावरून दोन गल्ल्या ऐकू यायचा. त्या माणसाने आता हात हलवून नाही म्हणावं, ह्याचा मला भयंकर राग येतो.

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. उद्या तू पुन्हा टॉवेल बांधलास, तर उद्या पुन्हा चावी काढून घेईन. चावी माझ्या कपाटात साड्यांखाली आहे आणि गाडी तुझ्या पडवीत प्लॅस्टिकखाली आहे. असू देत.

छाया

भिसेगाव
२४ नोव्हेंबर

दादा, जयभीम.

वहिनी म्हणाली पत्र वाचलंस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. छान.

आता तुला चिडवायला लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला हे कळणार नाही. काल सकाळी काशेळ्याच्या रस्त्याने गेले. भात कापून झालंय, शेताशेतात पेंढ्याच्या उडव्या लागल्यात, नदीवरून धुकं उठत होतं. कडाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तिसऱ्यावरून चौथा गिअर टाकला आणि पोटात ते झालं. तुला माहीत आहे काय झालं ते. मी वीस-बावीस वर्षांची असताना आपण खालापुरातून निघून खोपोलीपर्यंत उगाच जायचो आणि उगाच परत यायचो, तेव्हा व्हायचं ते. मला वाटलं होतं केतनच्या जन्मानंतर सासूबाईंनी गाडी बंद केली तेव्हा ते गेलं. गेलं नव्हतं. नुसतं बसून होतं, कुणी उठवलं नाही म्हणून.

कंबर दुखली नाही. गुडघा दुखला नाही. सगळी नोकरी ह्याच रस्त्याने केली, कधी यष्टीने, कधी टेंपोत, कधी लशींचा डबा खांद्याला लावून पायी. त्या प्रत्येक वेळी पुढे कुणीतरी वाट बघत असायचं, कुणीतरी रडणार असायचं. काल पुढे कुणीच नव्हतं. मी हेल्मेटच्या आत गाणं म्हटलं. आवाज इतका वाईट लागला की एकटीच हसले.

डोंगराखालच्या वाडीत सोनुबाई भेटली. तिच्या तीन पोरांची बाळंतपणं मी केलीत. ती म्हणाली, "नरसबाय, आता तू सुया टोचीत नाय, मंग आलीस कशाला?" म्हटलं, उगाच. "येवढ्या लांब उगाच?" तिने गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर हात दाबून बघितला आणि विचारता विचारता मागे बसलीसुद्धा. तिला वाडीच्या विहिरीपर्यंत नेऊन आणलं. उतरल्यावर म्हणाली, "मना बाजाराला ने."

केतन मात्र डोकं खातोय. बदलापुरात बसून रोज सकाळी मला अपघातांचे व्हिडिओ पाठवतो. परवा फोनवर म्हणाला, "आई, वय बघ. हाडं बघ. पडलीस तर करणार कोण? हौस म्हणून जीव घालवायचा का?" मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दादा, हे शब्द न् शब्द मी तुला म्हटले होते. तोच क्रम, तीच हाडं. फरक इतकाच की मी म्हणाले तेव्हा बरोबर होते आणि तो म्हणतो तेव्हा चूक आहे. ह्यात न कळण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

हात-पाय सगळं विसरलं नव्हतं. तूच घटवून घेतलं होतंस. बुलेट अंगणात डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत, मी वर बसलेली, आणि तू वायरच्या मोठ्या लाकडी रिळावर बसून एकेक ओरडायचास. "म्हस!" की ब्रेक. "यष्टी!" की ब्रेक. "पोर!" की ब्रेक. चाक थांबायला उशीर झाला की चिंचोका फेकून मारायचास. आई म्हणायची, गाडी एक पाऊल पुढे जात नाही आणि पेट्रोल तेवढं जळतं. तुझ्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्याला. आताच्या सगळ्या गाड्यांचं नेमकं उलटं आहे. पण त्याचं काही विशेष नाही, होते सवय. कर्जतच्या बाजारात एकदा रिक्षा आडवी आली आणि मी जरा उशिरा थांबले. रिक्षावाल्याचीच चूक होती.

छाया

भिसेगाव
८ डिसेंबर

दादा,

परवा सहा तारखेला तुमच्या विहारात आले होते. वाटलं, निदान त्या दिवशी तरी येशील. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, सगळी आळी येऊन गेली, तू नाहीस. घरी आले तर मोरीत जाऊन बसलास. पासष्टी उलटलेला माणूस बहिणीला भिऊन मोरीत बसतो. वहिनी कपाळाला हात लावून उभी.

वहिनीने दोन गोष्टी विचारल्या. यष्टीने का आलीस, आणि लांब बाह्यांचा ब्लाउज का घातलास. मी म्हटलं, थंडी आहे. तिने तुला सांगितलं असेलच. आणि रूपेशनेही सांगितलं असेल की हँडल वाकडं झालेली गाडी त्याच्याकडे पडून आहे. त्या पोराच्या तोंडाला झाकण नाही.

वाळूवर घसरले. पळसदरीच्या वळणावर रस्त्याचं काम चालू आहे, खडी आणि वाळू तशीच टाकलेली, पुढचं चाक घसरलं. दंड सोलवटला. एवढंच.

(दुपारी)

वर लिहिलं ते खरं आहे, पण ते नंतरचं आहे. पत्र पाकिटात घातलं, जेवले आणि परत काढलं. तुला खोटं लिहून काय मिळणार, तू तर बोलतही नाहीस.

वळणावर म्हैस आडवी आली. मला ती लांबून दिसली, दादा. झोपेत नव्हते, वेगात नव्हते, फोनवर नव्हते. भरपूर वेळ होता. मी ब्रेक दाबला, पाय पूर्ण खाली, जसा तू शिकवलास तसा. डावा पाय. गिअर बदलला आणि गाडी तशीच पुढे गेली. मी पुन्हा दाबला. पुन्हा डावाच. मग घाबरून हाताने पुढचा ब्रेक करकचून ओढला, आणि तिथे ती वाळू होती.

बाजारातल्या रिक्षाच्या वेळीही हेच झालं होतं. रिक्षावाल्याची काही चूक नव्हती.

म्हशीला काही झालं नाही. तिच्या मालकाने मला ज्या शिव्या घातल्या त्या मी आमच्या प्रसूतिगृहातसुद्धा ऐकल्या नव्हत्या.

माझ्या मागे सोनुबाई होती. डोळे दाखवायला कर्जतला आणत होते तिला. आधी खोपोलीला तिच्या लेकीकडे भाकरी पोचवायची होती, म्हणून त्या रस्त्याला गेलो. तिचं डावं मनगट मोडलं. ज्या बाईचा हात धरून मी तीन बाळंतपणं निभावली, तिचा हात मी मोडला. ऑटोत बसवून नेलं, प्लास्टर होईपर्यंत शेजारी उभी राहिले. मीच रडत होते. ती मला म्हणाली, "माजा हात गेला, तुजी गाडी गेली. फिट्टंफाट झाली. आता रडतेस कशाला?" आणि मग म्हणाली, भाकऱ्या कुठं पडल्या बघ.

केतनला सांगितलेलं नाही.

चालवायला मला येतं, दादा. क्लच येतो, वळण येतं, उतार येतो. शांतपणे विचार करून मी दहा वेळा उजवाच पाय दाबते. पण घाबरल्यावर विचार करायला वेळ नसतो, तेव्हा जो पाय उठतो तो तू शिकवलेला उठतो. इतकी वर्षं झाली, तरी अजून तोच. आता सोड म्हणावं तर ते पोटातलं कसं सोडू? आणि नको सोडू म्हणावं तर पुढच्या वेळी म्हैस नसेल, कुणाचं तरी मूल असेल. तू हे मला शिकवलंस. आता पायाला काय सांगू ते सांग.

छाया

भिसेगाव
२२ डिसेंबर

दादा,

पंधरा दिवस झाले. मी एवढं विचारलं, तू भिंतीकडे तोंड केलंस.

गाडी रूपेशकडून आली आहे. दारात उभी आहे, मी तिच्यावरून चादर घातली आहे. भाजीला चालत जाते. रोज सकाळी चादर काढून बसते, पाय ठेवते, मनात म्हणते "म्हस" आणि उजवा दाबते. मनात म्हटलेली म्हैस कामाची नाही, ती येणार हे मला आधीच माहीत असतं.

केतनला कळलं. कुणी सांगितलं विचारू नकोस, रूपेशचा मोबाईल बंद पडो. केतन ओरडला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, "आई, जानेवारीत येतो, गाडी विकून टाकू." वर म्हणाला, "मामाची चावी तू काढून घेतलीस तेव्हा मला वाटलं होतं, माझी आई शहाणी आहे."

मग मी वहिनीला फोन केला. म्हटलं, दादाला विचार, त्याची बुलेट मला देतो का. तिचा ब्रेक माझ्या पायाला माहीत आहे. चावी माझ्याकडे आहेच. तू लगेच निरोप दिलास, आश्चर्य आहे. "जी गाडी मला नाय ती कुनालाच नाय." वहिनी पुढे स्वतःचं म्हणाली, "दोगंबी सारकीच हाव तुमी. तिकडं चावी कुजतेय, हितं गाडी कुजतेय आनि मदी मी कुजतेय." तिचं खरं आहे. पण मला तुझाच राग येतो. तुझी गाडी तिथे गंजत असताना मी इथे चादर घालून बसले आहे. तुला दोनच शब्द बोलायचे होते, देतो किंवा नाही देत, आणि तेही तू तिच्याकडून बोलवून घेतलेस.

नको देऊस. चादर घातलेली गाडी आता माझ्याकडेही आहे. मी आता वाद घालणार नाही.

छाया

भिसेगाव
८ जानेवारी २०२५

दादा, जयभीम.

तू म्हणशील, आता मी फोन करतो तर पत्र कशाला. कारण फोनवर तू फक्त जनावरांची आणि वाहनांची नावं घेतोस. बाकीचं मला लिहूनच सांगावं लागणार.

शुक्रवारी दुपारी मी मासळी साफ करत होते. फोन वाजला. वहिनीचं नाव होतं. कानाला लावला तर नुसता श्वास. मला वाटलं तुला काही झालं. वहिनीला हाका मारल्या. मग तू म्हणालास, "म्हस."

शब्द जड होता, शेवटी वाकडा झाला, पण म्हैसच होती. आणि दादा, मी काहीही समजायच्या आत माझा पाय ओट्याखाली जमिनीवर दाबला गेला. इतक्या जोरात की चप्पल निघाली.

तू विचारलंस, "कुटला?"

मी म्हटलं, डावा.

तू म्हणालास, "परत." आणि गप्प झालास. मी सुरी धरून उभी, फोन कानाला, मांजर मासळीकडे बघतंय, आणि तू गप्प. मी विचारणार होते, दादा आहेस का, तेवढ्यात तू ओरडलास, "यष्टी." पुन्हा डावा. किती वेळ चाललं ते. मांजराने एक बांगडा नेला. शेवटी तू दमलास, जीभ वळेना, तसा न सांगता फोन ठेवलास. "कशी आहेस" नाही, "हात कसा आहे" नाही. मी ओट्याला टेकून रडले, आणि रडताना मला तुझा इतका राग येत होता की उरलेले बांगडे तिखटात बुडवले.

त्यानंतर रोज दुपारी तुझा फोन येतो, आता मी तयार असते. गाडी अंगणात डबल स्टँडवर, इंजिन चालू, मागचं चाक हवेत, फोन टाकीवर ठेवलेला. तुला चाक थांबल्याचा आवाज येतो, म्हणून खोटं बोलता येत नाही. शेजारी विचारतात, नर्सबाई, तुमचा फोन "टेंपो, टेंपो" असा का ओरडतो. मी सांगितलं, भाऊ आहे माझा, खालापूरला असतो.

रविवारी केतन आला. गाडी बघायला गिऱ्हाईक घेऊन आला होता. फाटकातून आत येत होता आणि टाकीवरून आवाज आला, "पोर." मी दाबला. चाक थांबलं. केतन जागच्या जागी उभा राहिला. म्हणाला, "मामा बोलतो?" मी म्हटलं, गप्प बस, मधे बोलू नकोस, पाय चुकतो. तो पायरीवर बसला आणि संपेपर्यंत बसून राहिला. गिऱ्हाईक कधी गेलं त्यालाही कळलं नाही. जाताना म्हणाला, "दहात एक चुकतो अजून. एकही चुकणार नाही तेव्हा चादर काढ." व्हिडिओ पाठवायचं तेवढं त्याने बंद केलं नाही.

तुला बोलायला शिकवणारी बाई यायची, तिने शब्दांचा तक्ता दिला होता. तू म्हणाला होतास, मी काय बालवाडीत हाय? वहिनीने तो पेटीवर चिकटवला, तू फाडलास. आता रोज अर्धा तास बोलतोस ते काय आहे, हे मी तुला सांगणार नाही. सांगितलं तर बंद करशील.

सव्वीस जानेवारीला येते. यष्टीनेच. ते रीळ बाहेर काढून ठेव.

छाया

भिसेगाव
२७ जानेवारी

दादा,

काल निघताना वहिनीसमोर बोलता आलं नाही.

मी चावी टेबलावर ठेवली तेव्हा तू तिच्याकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, डबल स्टँडवर, चाक हवेत, नाहीतर चावी परत माझ्या साड्यांखाली. तू मान हलवलीस. रूपेशने दोन तास खटपट करून ती चालू केली, पडवीत धूर धूर झाला, वहिनी शिव्या घालत कपडे उचलायला धावली. आणि तू वर बसलास. आम्ही धरायला आलो तर कोपराने लोटलंस.

मी नर्स आहे. तुझा उजवा पाय मला माहीत आहे, त्यात किती ताकद आहे ते माहीत आहे. त्या पायाने तू पहिला गिअर टाकलास. खूप वेळ लागला. आम्ही तिघं बघत होतो. खटका पडला आणि मागचं चाक फिरायला लागलं. तू गाडीवर बसून कुठेही गेला नाहीस, पण तुझं तोंड मी पाहिलं. ते पोटातलं तुलाही झालं, हे मला विचारायची गरज नाही.

मग मी रिळावर बसून "म्हस" म्हटलं आणि तुझा डावा पाय असा पडला की चाक जागच्या जागी बसलं. "पोर" म्हटलं, बसलं. "यष्टी" म्हटलं, तर तू दाबलाच नाहीस. विचारलं तर म्हणालास, "यष्टीला मी कदी थांबलो नाय." ते पूर्ण वाक्य होतं, दादा. वहिनीने ते ऐकलं आणि ती आत निघून गेली. रडायला गेली होती. तुला वाटलं चहाला गेली.

चावी तिथेच ठेवून आले आहे. वहिनीला सांगितलंय, रोज संध्याकाळी दोरीवरचे टॉवेल नीट बघत जा. एक जरी कमी दिसला तर मी येईन.

छाया

पोस्टकार्ड
भिसेगाव, ९ फेब्रुवारी, संध्याकाळ

दादा,

पोचले. तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत, गाडीनेच; दहात एकही चुकेना, तेव्हाच चादर काढली. "पोचलीस की फोन कर" म्हणालास, तीनदा केला, उचलला नाहीस. वहिनी घरात नसणार, आणि तू बुलेटवर बसून इंजिनाच्या आवाजात बहिरा झाला असणार. म्हणून हे कार्ड. चार दिवसांनी मिळेल, तोवर बस काळजी करत.

सोनुबाईचं प्लास्टर निघालं. विचारत होती, गाडी कवा आनतेस.

पळसदरीच्या वळणावर म्हैस आडवी आली. खरी. बहुतेक तीच, कारण मालक तोच होता आणि शिव्याही त्याच. तू ओरडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

उजवा.

छाया